उत्तम पुस्तकाची शिफारस

पक्वान्न एकट्याने खाल्ले तरी ते गोडच लागते. पण पंक्तीला कोणी असले म्हणजे त्याची गोडी वाढते. ग्रंथांचेही तसेच आहे. एखादे उत्तम पुस्तक वाचून मिटले की खऱ्या वाचकाला स्वस्थ बसवत नाही. कधी एकदा कोणी समानधर्मी भेटतो आणि त्याला हे सांगतो, असे त्याला होऊन जाते. ग्रंथालयाच्या दारात, आगगाडीच्या डब्यात, शाळेच्या मधल्या सुट्टीत असा वाचक कोणाला ना कोणाला गाठतो आणि मोठ्या उत्साहाने म्हणतो, "हे पुस्तक अवश्य वाच."

हे चार शब्द उच्चारणे सोपे. त्यांची जबाबदारी मात्र मोठी. पुस्तक सुचवणारा मनुष्य दुसऱ्याजवळ काय मागत असतो? त्याच्या आयुष्यातील आठ-दहा तास! उसने घेतलेले पैसे परत करता येतात, नेलेले पुस्तक परत करता येते. पण निःसत्त्व पुस्तकाच्या पायी गेलेली संध्याकाळ कोणीच परत करू शकत नाही. म्हणूनच ज्याच्या शब्दावर विसंबून पुस्तक हाती घ्यावे आणि पश्चात्ताप होऊ नये, असा वाचकमित्र लाभणे हे भाग्याचे लक्षण होय.

पुस्तके सुचवण्याचे हे काम दोन प्रकारच्या कादंबऱ्यांच्या बाबतीत विशेष अवघड होऊन बसते. त्यांतील एक रहस्यकादंबरी आणि दुसरी ऐतिहासिक कादंबरी. या दोघींचे स्वभाव वरवर पाहता परस्परविरुद्ध आहेत. रहस्यकादंबरीत शेवट झाकून ठेवावा लागतो. गुन्हेगार कोण, हे ज्याने आधीच सांगून टाकले, त्याने कोडे घालण्यापूर्वीच त्याचे उत्तर दिले. ऐतिहासिक कादंबरीत याच्या उलट स्थिती असते. १७६१ साली पानिपतावर काय झाले, हे कादंबरी उघडण्यापूर्वीच प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असते. तरीही तो श्वास रोधून पाने उलटतो. एकीत 'काय घडले' हे जाणण्याची उत्कंठा असते, तर दुसरीत 'ते असे का घडले, आणि ज्यांच्यावर ते ओढवले त्यांना काय वाटले असेल' हे जाणण्याची.

मराठी वाचकाला या दोन्ही वाटा चांगल्या परिचयाच्या आहेत. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही १८७१ सालची कृती मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'उषःकाल' लिहून शिवकालाचे दर्शन घडवले आणि नाथमाधवांनी स्वराज्याच्या कथा घरोघरी पोहोचवल्या. दुसऱ्या वाटेवर बाबुराव अर्नाळकर उभे आहेत. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचे झुंजार व काळापहाड हे नायक मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांचे सोबती झाले. शाळेच्या पुस्तकात दडवून रहस्यकथा वाचणारी मुले त्या काळी काही थोडीथोडकी नव्हती.

या दोन वाटा एकाच लेखणीने चालल्याचे एक सुंदर उदाहरण बंगालीत आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय हे ब्योमकेश बक्षीचे जनक. चित्रपटकथा लिहिण्यासाठी ते १९३८ साली मुंबईस आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. ब्योमकेशच्या कथांइतक्याच आवडीने त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. विजयनगरच्या वैभवावरील 'तुंगभद्रार तीरे' ही त्यांतील विशेष नावाजलेली. शिवकालातील सदाशिव नावाच्या एका मराठी मुलाला नायक करून त्यांनी बंगाली बालकांसाठीही कथा रचल्या. ब्योमकेशला स्वतःला 'डिटेक्टिव्ह' म्हणवून घेणे रुचत नाही. तो स्वतःला 'सत्यान्वेषी', म्हणजे सत्याचा शोध घेणारा म्हणवतो. या एका शब्दात दोन्ही वाटांचा संगम आहे. गुन्ह्याचा तपास करणारा आणि इतिहासाचा संशोधक हे दोघेही घटना घडून गेल्यावर तेथे पोहोचतात. मागे उरलेली पत्रे, सह्या, साक्षी आणि पाऊलखुणा यांच्या आधारानेच दोघांना गतकाळाची जुळणी करावी लागते. मग रहस्य आणि इतिहास यांचा एकाच कादंबरीत मिलाफ झाला, तर त्यात नवल ते काय?

अलीकडच्या काही वर्षांत हिंदुस्थानच्या गतकाळावर अशा मिश्र कादंबऱ्या इंग्रजीत बऱ्याच लिहिल्या गेल्या आहेत. त्यांतून निवड करताना जाणता वाचक एक साधी कसोटी लावतो. कथेतील गाठ त्या काळाच्या धाग्यांनीच बांधलेली आहे की नाही, हे तो पाहतो. केवळ पात्रांच्या डोक्यावर पगड्या चढवल्या आणि रस्त्यावर घोडागाडी धावू लागली, म्हणजे कादंबरी ऐतिहासिक होत नाही. जे रहस्य अन्य कोणत्याही काळात उद्भवलेच नसते, तेच खरे ऐतिहासिक रहस्य.

या कसोटीला पुरेपूर उतरणारी कादंबरी म्हणजे सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल'. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. काळ १९२१, स्थळ मुंबई. परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी ऑक्सफर्डला कायद्याचे शिक्षण घेऊन वडिलांच्या कचेरीत काम करते. परंतु न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करण्याची तिला मुभा नाही. एके दिवशी कचेरीत एक कागद येतो. मलबार हिलवरील एका धनिकाच्या तीन विधवांनी आपला वारसा धर्मादाय निधीस देऊन टाकल्याचे त्यात लिहिलेले असते. सह्यांकडे पाहून परवीनचे मन साशंक होते. त्या स्त्रिया पडदानशीन. परपुरुषाला जनान्यात प्रवेश नाही. मग तो वकील असो की पोलीस अंमलदार. जे दार पुरुषांना बंद, ते परवीनला मात्र उघडे. स्त्री म्हणून न्यायालयाच्या दाराबाहेर ठेवलेली हीच तरुणी त्या घरात सत्याचा शोध घेऊ शकते. रहस्याची गाठ काळाने बांधली आणि काळानेच ती सोडवणारा हातही निवडला!

या कल्पितामागे वास्तवाचा भक्कम आधार आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि तेथे कायद्याचा अभ्यास करणारी पहिली स्त्री ठरल्या. परीक्षा देऊनही त्यांना वकिलीची सनद कित्येक वर्षे मिळाली नाही. तरीही स्वस्थ न बसता त्यांनी बंगाल व आसपासच्या प्रांतांतील पडदानशीन स्त्रियांचे आणि अनाथ मुलांचे हक्क जपण्यासाठी सरकारी सल्लागार म्हणून वर्षानुवर्षे काम केले. स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा करणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला. जिने आयुष्यात दिवाणखान्याचा उंबरठा ओलांडला नाही, जिला कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नाही, तिच्या सहीवर जमीनजुमला फिरत असेल, तर तिच्या बाजूने तो कागद वाचणारे कोणी असणे किती महत्त्वाचे! मॅसी यांची कादंबरी वाचणाऱ्याला हे कळते, आणि रहस्य उलगडल्यानंतरही ते मनात राहते.

मुंबईहून कलकत्त्यास गेले की अबीर मुखर्जी यांची 'अ रायझिंग मॅन' ही २०१६ सालची कादंबरी भेटते. तिचा काळ एप्रिल १९१९ चा. रौलेट कायद्याने देश धुमसत आहे, आणि अमृतसरहून जालियनवाला बागेची भीषण वार्ता येऊन थडकते. अशा वेळी एका इंग्रज अधिकाऱ्याचा खून होतो. तपासाला लागतात ते महायुद्धातून परतलेला कॅप्टन विंडहॅम आणि त्याचा हिंदी सहकारी सुरेंद्रनाथ बॅनर्जी. इंग्रजांच्या जिभेला 'सुरेंद्रनाथ' हे नाव पेलत नाही. ते त्याचे 'सरेंडर-नॉट' करून टाकतात. या एका नामांतरात राज्यकर्त्यांची बेपर्वाई दिसते, आणि नकळत त्या तरुणाचा बाणाही दिसतो. कारण त्या शब्दांचा अर्थच मुळी 'शरण जाऊ नको' असा होतो. आपल्याच देशबांधवांवर राज्य करणाऱ्या यंत्रणेत नोकरी करावी की नाही, हा सुरेंद्रनाथाच्या मनातील प्रश्न खुनाच्या कोड्याहून अधिक अवघड आहे.

वसीम खान यांची 'मिडनाइट ॲट मलबार हाउस' ही २०२० सालची कादंबरी वाचकाला पुन्हा मुंबईत आणते. मात्र आता देश स्वतंत्र झालेला आहे. १९४९ सालची अखेरची रात्र. प्रजासत्ताकाची घोषणा होण्यास चार आठवडेही उरलेले नाहीत, आणि फाळणीच्या जखमा अजून ओल्या आहेत. एका इंग्रज मुत्सद्द्याच्या घरी मेजवानी चालू असताना त्याचाच खून होतो, आणि तपास पर्सिस वाडिया या स्त्री-पोलीस अधिकाऱ्याकडे येतो. याच मालिकेतील 'द डाइंग डे' या पुढील कादंबरीत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतून दांते या इटालियन महाकवीच्या काव्याचे हस्तलिखित नाहीसे होते. असे एक जुने हस्तलिखित त्या संस्थेच्या संग्रहात खरोखरच आहे. टाउन हॉलच्या उंच पायऱ्या चढून जाणाऱ्या वाचकाला ही कादंबरी वाचल्यावर ती वास्तू निराळीच भासेल.

येथे मात्र जाणत्या वाचकाने सावध राहावयास हवे. पर्सिस वाडिया ही कादंबरीत देशातील पहिली स्त्री-पोलीस निरीक्षक म्हणून वावरते. प्रत्यक्षात भारतीय पोलीस सेवेत पहिल्या स्त्री अधिकाऱ्याचा, किरण बेदी यांचा, प्रवेश १९७२ साली झाला. कादंबरीकाराने आपली नायिका काळाच्या पुढे नेऊन उभी केली. तो त्याचा अधिकारच आहे. परंतु कल्पित कोठे सुरू झाले, हे ओळखणे हे वाचकाचे कर्तव्य आहे.

नेव्ह मार्च यांच्या 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' या २०२० सालच्या कादंबरीने तर ही सीमारेषा फारच नाजूक केली आहे. १८९१ साली मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला. साऱ्या शहराला हळहळ लावणाऱ्या त्या घटनेचा समाधानकारक उलगडा झाला नाही. ती घटना बीजरूपाने घेऊन लेखिकेने नावे बदलली, १८९२ सालची कथा रचली आणि तपासासाठी कॅप्टन अग्निहोत्री हा कल्पित नायक निर्माण केला. कादंबरीत कोड्याचे उत्तर मिळते. इतिहासात ते मिळालेले नाही. कादंबरीतील उत्तर खरे मानून एखाद्या वाचकाने ते चारचौघांत सांगितले, तर त्यात प्रत्यक्ष होऊन गेलेल्या माणसांवर अन्याय होण्याचा संभव असतो. मृतांना आपली बाजू मांडता येत नाही. त्यांच्याविषयी बोलताना जिवंतांनी अधिक जपून बोलावे, हेच न्यायाचे.

म्हणूनच ऐतिहासिक रहस्यकादंबरी सुचवणाऱ्याच्या अंगी तीन गुण असावे लागतात. पहिला गुण संयमाचा. त्याने कथेचा उंबरठा दाखवावा, माजघरात नेऊ नये. दुसरा गुण प्रामाणिकपणाचा. पुस्तकाच्या गुणांबरोबर त्याच्या मर्यादाही त्याने सांगाव्या. मॅसी यांची कथा मधूनमधून काही वर्षे मागे जाते, त्यामुळे घाईच्या वाचकाचा धीर सुटेल. मुखर्जींच्या कादंबरीत युद्धाने खचलेल्या नायकाचे अफूचे व्यसन येते, ते कोवळ्या वयाच्या वाचकांसाठी नाही. हे आधीच सांगितलेले बरे. या सर्व कादंबऱ्या मुळात प्रौढांसाठी लिहिलेल्या आहेत. कुमार वाचकाने आज सत्यजित राय यांच्या फेलूदाचे बोट धरावे. अशोक जैन यांनी त्या कथा मराठीत आणल्या आहेत, आणि त्यांतील एकीत तर प्राचीन शिल्पांच्या चोरांचा माग काढत फेलूदा थेट वेरूळला येऊन पोहोचतो. परवीन आणि पर्सिस काही वर्षे वाट पाहण्यास तयार आहेत.

तिसरा गुण विवेकाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. खरे काय आणि रचलेले काय, याची जाणीव त्याने ऐकणाऱ्याच्या मनात जागी ठेवावी. हा विवेक ग्रंथापुरताच उपयोगी पडतो असे नव्हे. ऐकीव वार्ता, ताणलेली बढाई आणि पुराव्याविना केलेला आरोप यांनी जग भरलेले आहे. रहस्यकथा वाचताना जो प्रत्येक साक्षीदाराला मनातल्या मनात 'कशावरून?' असा प्रश्न विचारावयास शिकला, आणि ऐतिहासिक कादंबरी मिटल्यावर जो खऱ्या इतिहासाचे पुस्तक उघडावयास शिकला, त्याला सहसा कोणी फसवू शकत नाही.

असा वाचक जेव्हा दुसऱ्याच्या हाती पुस्तक ठेवतो, तेव्हा तो त्याला केवळ चार घटकांची करमणूक देत नाही. कल्पनेचा मनमुराद आनंद घ्यावा आणि तरीही सत्याचा हात सोडू नये, ही दृष्टीच तो त्या पुस्तकाबरोबर देत असतो.