दाराची दुसरी कडी

अनुराग कश्यप यांचा 'पांच' हा चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांनी बहुधा चोरून पाहिला. 'सत्या'च्या (१९९८) लेखनात ज्यांचा वाटा होता, तेच हे गृहस्थ. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिला चित्रपट. त्यातली हिंसा, नशा आणि शिव्या पाहून सेन्सॉरने कपाळाला आठ्या घातल्या. पुढे काटछाट होऊन परवाना मिळाला, तर निर्मात्याच्या अडचणी आडव्या आल्या. वीस वर्षे उलटली तरी तो थिएटरात लागला नव्हता. दुसरा कोणी मुकाट्याने नाचगाण्यांकडे वळला असता. यांनी मुंबईच्या बाँबस्फोटांवर 'ब्लॅक फ्रायडे' काढला. तोही कोर्टात अडकून २००७ साली लागला. असल्या हट्टी माणसांचा मला, खरे सांगायचे तर, थोडा हेवा वाटतो.

'पांच' घडतो मुंबईत. गाणारी-वाजवणारी टोळी, पैशाची चणचण, श्रीमंत मित्राचे अपहरण, मग खून, आणि तो लपवण्यासाठी आणखी खून. पण कथेचे मूळ आमच्या पुण्यातले आहे. टिळक रस्त्यावरच्या कलामहाविद्यालयातल्या मुलांनी जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसे मारली. पहिला त्यांचाच सोबती. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीतले जोशी कुटुंब. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या घरची पाच माणसे. त्यांत वृद्ध काशिनाथशास्त्री होते, संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे. घरातली मोलकरीणही होती. तिची आठवण फारसे कोणी काढत नाही.

आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत राहत होतो. वडिलांनी दाराला दुसरी कडी बसवली. दिवेलागणीनंतर विरजण मागायला येणारी पोरे यायची थांबली. शेजारच्या काकूंनासुद्धा आई आतूनच "कोण?" म्हणून विचारी, आणि काकू रागावत नसत, हेच मला भयंकर वाटे. मी विशीतला, कॉलेजात जाणारा. एकदा वही आणायला मित्राकडे गेलो, तर त्याची आजी दाराच्या फटीतून माझ्याकडे नुसती पाहत राहिली. ती मला लहानपणापासून ओळखत होती.

कश्यपांच्या चित्रपटात दाराची ही आतली बाजू नाही. राजदत्तांनी याच प्रकरणावर 'माफीचा साक्षीदार' (१९८६) काढला. नाना पाटेकर त्यात होते. कश्यप मात्र त्या मुलांमध्येच ठाण मांडून बसतात. म्हणून चित्रपट दडपावा का? मला नाही तसे वाटत. मुले पकडली गेली तेव्हा पुण्याला धक्का बसला तो ती चारचौघांसारखी कॉलेजात जाणारी होती याचा. त्यांना राक्षस म्हटले की आपण सुटलो! 'पांच' तशी सुटका करीत नाही.

हल्ली मी वाघोलीला मुलाकडे असतो. दगडखाणींचे हे गाव आता इमारतींचे झाले आहे. नातवाने संगणकावर चित्रपट लावला, आणि के. के. मेनन पडद्यावर खवळला की तो म्हणे, "काय माणूस आहे, आजोबा!" मी गप्प होतो. संपल्यावर त्याला ती दहा माणसे सांगितली.

"मग त्या मुलांचे काय झाले?"

"चौघांना फाशी. २७ नोव्हेंबर १९८३. येरवड्याला."

येरवडा त्याच्या रोजच्या वाटेवरचे. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि त्या आजोबांचा कोश?"

"तो १९६१ सालीच छापून झाला होता," मी म्हणालो.