चौकातला गीझर

आत्याच्या घरातला गॅस गीझर न्हाणीत नाही, चौकात आहे. न्हाणीच्या दाराबाहेर, तुळशीमागच्या भिंतीवर. पत्रा पिवळसर पडलेला, खालच्या कडेला गंज, पोटाशी काचेची छोटी खिडकी. नळ सोडला की टक् टक् टक् ठिणगी पडते, भप्पकन निळ्या ज्योतींची रांग पेटते. आणि पौषातल्या पहाटे, अंगाला साबण लावून झाला की नेमकी विझते.

घर काशीतल्या अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत. घाटावर आता पाटी राजाघाटाची आहे. राघोबादादांचे दत्तकपुत्र अमृतराव पेशवे 1803 साली इंग्रजांचा तनखा घेऊन राजकारणातून बाजूला झाले आणि पुढं काशीवासी झाले. त्यांच्या अन्नछत्राच्या आधारानं जी मराठी घरं इथं रुजली, त्यांच्या वळणाचंच हे घर आहे. हातभर जाडीच्या भिंती, मधोमध उघडा चौक, आणि न्हाणीला खिडकीच नाही. पूर्वी या चौकात तांब्याचा बंब धुमसायचा. त्याला लाकडं घातली की तो निमूट तापायचा. त्याच्या जागी आलेला हा गीझर मात्र मनाविरुद्ध काही झालं की कामच थांबवतो.

त्याचा स्वभाव ओळखायला आत्याला वेळ लागला. आता तो केव्हा विझला एवढं सांगितलं तरी ती कारण सांगते. ठिणगीच पडली नाही तर सेल उतरलेत. खालच्या डबीतले दोन जाड सेल काढून पत्र्याच्या पट्ट्यांवरची हिरवट बुरशी पुसायची. पेटून दोन-चार सेकंदांत विझला तर बर्नरपुढच्या सळईवर काजळी धरली आहे. ज्योतीतून अगदी बारीकसा विद्युतप्रवाह जातो, तो या सळईला कळला तरच गॅसची झडप उघडी राहते. काजळीमुळं सळईला समोरची ज्योत दिसतच नाही, मग गॅस उगाच सुटू नये म्हणून गीझर तो बंद करतो. बारीक पॉलिश पेपरनं सळई हलकेच घासली की पुन्हा सुरळीत.

पाण्याची धार बारीक झाली की विझणं, हे त्याचं सगळ्यांत जुनं दुखणं. त्याच्या आत एक रबरी पडदा आहे. पाण्याच्या दाबानं तो फुगतो, दांडी सरकते, तेव्हा कुठं ठिणगी पडते. गच्चीवरची टाकी जेमतेम एक मजला उंच, त्यात गीझरमध्ये पाणी येतं त्या तोंडाच्या जाळीत रेती अडकलेली. धार मिनिटाला अडीच लिटरच्या खाली गेली की पडदा सैलावतो. जाळी धुतली की निम्मी भांडणं मिटतात.

आणि पाणी चटका बसण्याइतकं कढत येऊन मग विझला तर बोरिंगच्या पाण्यानं तांब्याच्या नळ्यांत चुना धरला आहे. नळ्या अरुंद होऊन पाणी हळू वाहतं, गीझरचं अंग फार तापतं, तापमान राखणारं बटण त्याला थांबवतं. लिंबूसत्वाच्या पाण्यानं नळ्या धुवून घ्याव्या लागतात. सलग वीस मिनिटं चालून थांबला तर ती तक्रारच नव्हे. तेवढाच वेळ त्याला लावून दिलेला आहे.

थंडीत मात्र दोष बऱ्याचदा सिलिंडरचा असतो. गॅस ओढला जातो तसा सिलिंडर स्वतःच गारठतो. पहाटे हात लावून पाहिलं तर आत गॅस आहे तिथपर्यंत पत्रा ओला लागतो, वर कोरडा. प्रोपेन आधी निघून जातो, तळाला ब्युटेन जास्त उरतो. तो शून्य अंशाच्या आसपासच उकळतो, म्हणून काशीच्या जानेवारीत तो आळसावतो. त्याच सिलिंडरवर चहाचं आधण ठेवलं की गीझरचा जीव जातो. त्यामुळं या घरात आधी आंघोळ, मग चहा.

मागच्या थंडीत मिस्त्री आला. सगळं पाहून म्हणाला, “माताजी, सेन्सर का तार डायरेक्ट कर दें? फिर कभी बंद नहीं होगा.” आत्यानं लगेच नको म्हटलं. मला ते फार पटलं. तो विझतो म्हणून राग येतो, पण कच्चा गॅस चौकात पसरण्याआधी हात आखडता घेणारा तोच आहे.

एक गोष्ट मात्र या जुन्या यंत्राला कळत नाही. हवा कोंडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावल्यानं दर हिवाळ्यात कुठं ना कुठं माणसं जातात, जवान, धडधाकट माणसं. आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर येत नाही, दार फोडावं लागतं. म्हणून हा चौकात आहे, आणि कितीही थंडी वाजली तरी आत्या त्याला तिथून हलवू देत नाही. वारा आत येऊ नये म्हणून चौकाच्या तोंडावर कुणी ताडपत्री ओढली की ती स्वतः काठीनं सारते, ज्योत पिवळी दिसली की नळ बंद करायला लावते, आणि मिस्त्रीला निरोप धाडते.