जैतुनाच्या सावलीतले दस्तरखान

क्रेटला जायचे ठरले तेव्हा घरात सर्वांत आधी खाण्याचा प्रश्न निघाला. मुलगा जर्मनीत नोकरीला. त्याने ऑगस्टमध्ये सुट्टी काढून आम्हा दोघांना आठ दिवस ग्रीसच्या या बेटावर न्यायचे ठरवले, आणि राहण्याची सोय हॉटेलात न करता एका शेतकरी कुटुंबाच्या घरी केली. शेत त्यांचे, शेताच्या टोकाला रस्त्यालगत खानावळही त्यांचीच. तिकडे अशा खानावळीला ‘ताव्हेर्ना’ म्हणतात. हे ऐकताच आमचे हे म्हणाले, “म्हणजे दारूचा गुत्ताच की! तिथे आपण काय खायचे?” मी गुपचूप चिवडा, खजूर, मेतकूट आणि दोन किलो तांदूळ बॅगेत भरले.

शंका अगदीच चुकीची नव्हती. क्रेटमधल्या प्रत्येक ताव्हेर्नात द्राक्षाची दारू असते. जेवण झाल्यावर कलिंगडाच्या फोडींबरोबर ‘राकी’ नावाच्या कडक दारूचे छोटे ग्लास पाहुणचार म्हणून फुकट येतात. ‘आपाकी’ म्हणजे धुरावर सुकवलेले डुकराचे मांस. ते आमलेटात, सॅलडमध्ये, कधी भाजीतही बारीक तुकडे करून घालतात, त्यामुळे नुसते नाव वाचून पदार्थ मागवणे धोक्याचे. बकरा-कोंबडी असली तरी जबीहा नाही. गोगलगाई मात्र भरपूर! व्हिनेगर आणि रोजमेरी घालून परतलेल्या. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा काडीने एकेक गोगलगाय बाहेर काढून चाखत होता. मी नजर वळवली, पण त्याची तल्लीनता आपल्याकडच्या तिसऱ्या खाणाऱ्यासारखीच होती, हे कबूल करते.

बेट फार मोठे आहे. पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब, पण रुंदी काही ठिकाणी जेमतेम १२ किलोमीटर. मधोमध डोंगरांची रांग, सर्वांत उंच शिखर प्सिलोरितिस, २,४५६ मीटर. आम्ही उतरलो पश्चिमेकडच्या हानिया शहराजवळ, अपोकोरोनास भागातल्या एका खेड्यात. मागे पांढरे डोंगर, खाली समुद्र आणि मधल्या सगळ्या उतारावर जैतुनाची झाडे. कोकणात आंब्या-काजूच्या बागा पाहत वाढलेल्या मला ती झाडे आधी खुरटीच वाटली. पण बुंधे पाहिल्यावर मत बदलले. पिळून वाळत घातलेल्या गोधडीसारखे पीळदार, आत पोकळ, आणि तरी फांद्या हिरव्या. बेटाच्या याच पश्चिम बाजूला वूवेस गावी एक जैतून आहे. त्याचे वय किमान दोन हजार वर्षे असावे असे मानतात आणि ते अजून फळ देते. ज्या झाडाचे नाव सूरह तीनमध्ये लहानपणापासून पढत आले, ते हाताने चाचपून पाहताना मला काय वाटले ते लिहिता येणार नाही.

जोहरची नमाज तिथेच बागेत पढलो. मुलाने मोबाईलवर किबला पाहिला आणि आम्हाला आग्नेयेकडे वळवले. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करण्याची सवय. पहिले दोन दिवस माझे पाय आपोआप चुकीच्या बाजूला वळत.

आता जेवणाकडे येते. पहिल्याच दिवशी मुलाने घरमालकिणीला स्वच्छ सांगितले की आम्ही मुसलमान आहोत, मांस खाणार नाही, दारू पिणार नाही, दारू घातलेला पदार्थ चालणार नाही आणि जमल्यास ज्या टेबलावर दारू आहे त्या टेबलापासून दूर बसवा. मला वाटले, बाई नाराज होईल. तिने उलट विचारले, “चीज, अंडी?” मुलाने चीजचे सांगितले. चीज घट्ट करायला कोकराच्या पोटातले रेनेट वापरतात, आणि त्याबाबत आमच्या उलेमांत मतभेद आहेत, म्हणून आम्ही टाळतो. बाई हसली आणि म्हणाली, “मग तुम्ही अगदी योग्य पंधरवड्यात आलात. आमचा उपास चालू आहे.”

ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत १५ ऑगस्टला हजरत मरियम यांच्या नावाचा मोठा सण असतो, आणि त्याआधी १ ते १४ ऑगस्ट उपास. हा आपल्या रोजासारखा दिवसभर पाणीही न पिण्याचा नव्हे. या काळात मांस, अंडी, दूध, चीज काही खात नाहीत. असे उपास त्यांच्याकडे वर्षभरात अनेक. सगळे पाळले तर जवळजवळ निम्मे वर्ष होते. त्यामुळे बिनमांसाच्या, बिनदुधाच्या स्वयंपाकाची एक पूर्ण परंपराच तिथे तयार आहे. त्या पदार्थांना ‘निस्तिसिमा’ म्हणजे उपासाचे म्हणतात, आणि तेलात शिजवलेल्या भाज्यांना ‘लादेरा’. आपल्यापैकी कुणी ग्रीसला गेले तर हे दोन शब्द पाठ करून जा. “शाकाहारी” म्हटले तर चीज येईल. “निस्तिसिमो” म्हटले की वाढणाऱ्याला सगळे कळते. दोन गोष्टी तरीही विचाराव्यात : भाजीत वाइन घातली आहे का, आणि बटाटे तळलेल्या तेलात मांसही तळले आहे का. उपासात झिंगे, माकूल, ऑक्टोपस चालतात. इथे आमच्या घरातच फूट पडली. मी कोकणी, शाफई, मला समुद्रातले चालते. हे हनफी. मी लिंबू पिळून माकूल खात होते आणि हे घेवडा चिवडत माझ्याकडे बघत होते.

घेवडा मात्र त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. कोवळ्या शेंगा, टोमॅटो, कांदा, भरपूर जैतुनाचे तेल, मंद आचेवर तासभर. मसाला म्हणाल तर मीठ-मिरी. आमच्या जिभेला पहिला घास बेचव वाटला. तिसऱ्या घासाला शेंगेची चव कळली. मग आली ‘येमिस्ता’, म्हणजे टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या पोखरून आत तांदूळ, पुदिना, कांदा भरून भाजलेल्या. खिमा न घातलेल्या येमिस्ताला तिथे गमतीने ‘ओर्फाना’ म्हणजे अनाथ म्हणतात! भोपळ्याच्या जातीची फुलेही तशीच तांदूळ भरून शिजवतात. आपण त्या फुलांची भजी करतो, यापलीकडे काही करता येईल असे मला कधी सुचलेच नव्हते.

‘दाकोस’ हा तिथला रोजचा पदार्थ. जवाची भाकरी दोनदा भाजून दगडासारखी कडक करतात, तिला ‘पाक्सिमादी’ म्हणतात. महिनोन् महिने टिकते. खाताना पाण्याचा हबका मारायचा, वर टोमॅटो किसायचा, तेल ओतायचे, ओरेगॅनो चुरायचा. एरवी त्यावर ‘मिझिथ्रा’ हे चीज असते, उपासात नसते. अरबीत कडक भाजलेल्या पावाला बक्समात म्हणतात, तो शब्द या पाक्सिमादीवरूनच गेला. अन्न आणि शब्द दोन्ही समुद्र ओलांडून जातात. हानियाहून बोटी तिकडे जातच होत्या.

पण मला खरा धक्का बसला तो तिसऱ्या सकाळी. घरातली वृद्ध आजी, पंच्याऐंशीच्या पुढची, टोपली घेऊन शेतात निघाली. तिची नात इंग्रजी बोलणारी, तिच्यासोबत मीही गेले. रानभाज्यांना तिकडे ‘होर्ता’ म्हणतात. आजीने वाकून एक भाजी खुडली, ‘व्ह्लीता’. मी पाहिले तर आपला माठ! दुसरी खुडली, ‘ग्लिस्त्रीदा’. मांसल पाने, लालसर दांडे, जमिनीला चिकटलेली. घोळ! आमच्याकडे बाजारात दहा रुपयांची जुडी कुणी हौसेने घेत नाही ती घोळ. मी मराठीतच ओरडले, “अगं, ही तर घोळ!” आजीला शब्द कळला नाही, पण माझी ओळख पटल्याचे कळले. त्यानंतर ती मला वाट दाखवत नव्हती, मीच पुढे पुढे खुडत होते. माठ ते काकडीएवढ्या कोवळ्या दुधीसारख्या भोपळ्यांबरोबर उकडून तेल-लिंबू घालून खातात. घोळ कच्चीच, टोमॅटोत.

या जेवणाची कीर्ती जगात कशी झाली तेही सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर बेट फार गरीब झाले होते. १९४८ साली रॉकफेलर फाउंडेशनने लोकांच्या राहणीची पाहणी केली. पुढे १९५८ पासून अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने सात देशांतल्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला. त्यात क्रेटचे ६८६ जण होते. आहारातली जवळजवळ ४० टक्के ऊर्जा तेला-तुपातून, म्हणजे मुख्यतः जैतुनाच्या तेलातून मिळत असूनही हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण याच गटात सर्वांत कमी निघाले. आहाराच्या पाहण्यांपैकी एक उपासाच्या दिवसांत झाली, त्यामुळे चित्र थोडे एकांगी आले, असा आक्षेप नंतर घेतला गेला. मला तो आक्षेप वाटण्यापेक्षा माहितीच जास्त वाटली. आणि ते लोक डोंगर चढत-उतरत, दिवसभर शेतात राबत, हेही विसरून चालणार नाही. आज तिथली मुलेही पिझ्झाच मागतात. घरमालकिणीचा दहा वर्षांचा मुलगा माठ पाहून जे तोंड करत होता, ते तोंड मला ओळखीचे होते.

पाचव्या रात्री ताव्हेर्नात गर्दी होती. जेवण संपताना घरमालकाने सवयीने राकीचे ग्लास आमच्यापुढे ठेवले. पाहुणचार नाकारणे कुठेही कठीणच, आणि क्रेटमध्ये तर पाहुणा आणि परका यांना एकच शब्द आहे, ‘क्सेनोस’. मुलगा हात छातीवर ठेवून नाही म्हणाला. यजमान ओशाळला. तेवढ्यात आजीने आतून हाक मारली, ग्लास उचलायला लावले आणि आम्हाला स्वयंपाकघरात बोलावले. डोंगरावर मिळणाऱ्या ‘मालोतिरा’ या वनस्पतीचा चहा केला, त्यात थाइमचा मध घातला. मग चुलीवरच्या एका जुन्या, कल्हई केलेल्या तांब्याच्या पातेल्याकडे बोट दाखवून ती बोलू लागली. नात सांगत गेली.

ते पातेले त्यांचे नव्हते. आजीच्या आजीच्या शेजारी मुसलमान कुटुंब राहायचे. क्रेटमध्ये मुसलमान शतकानुशतके होते. आधी नवव्या-दहाव्या शतकात अंदलुसहून आलेल्यांची अमिरात होती, ९६१ पर्यंत. त्यांनी वसवलेल्या ‘अल-खंदक’ या राजधानीचे पुढे इराक्लिओन झाले. नंतर सतराव्या शतकात उस्मानी आले. पण इथले बहुतेक मुसलमान बाहेरचे नव्हते, इथलेच होते, ग्रीकच बोलत. १९२३ च्या लोझान करारात ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल ठरवली. भाषा कोणती हे विचारले नाही, धर्म तेवढा पाहिला. तिकडून सुमारे बारा लाख ख्रिस्ती इकडे आले, इकडून साडेतीन-चार लाख मुसलमान तिकडे गेले. हानियाच्या बंदरावर घुमटाची मशीद आजही उभी आहे, मिनार नाही. रेथिम्नोच्या मशिदीत संगीत शिकवतात.

शेजारीण निघताना ते पातेले देऊन गेली. देताना एवढेच म्हणाली की यात डुक्कर शिजवू नकोस, मी परत येईन तेव्हा मला ते हवे आहे. ती आली नाही. “आमच्या घरात तीन पिढ्या यात फक्त भाजी आणि डाळ शिजते,” आजी म्हणाली. “तुमचे जेवण पाच दिवस यातच केले.”

आमचे हे एकदम उठून बाहेर गेले. मी भांडी वेगळी असतील का, हे विचारायचे धाडस पाच दिवस करू शकले नव्हते. बॅगेतले तांदूळ अजून तसेच होते.

निघताना आजीने मला एक प्रश्न विचारला. तिकडे गेलेले लोक अजून होर्ता खुडतात का? मला काय माहीत! तुर्कस्तान मी पाहिलेले नाही. घरी आल्यावर मुलाने शोधून सांगितले. आयवालिक, जुंदा या समुद्राकाठच्या गावांत क्रेटहून गेलेल्यांचे वंशज राहतात आणि जैतुनाच्या तेलातल्या त्यांच्या रानभाज्या तिकडे प्रसिद्ध आहेत. त्यांच्यावर एक विनोदही आहे. शेतात एक गाय आणि एक क्रेटवाला शिरला. नोकर मालकाला विचारतो, आधी कुणाला हाकलू? मालक म्हणतो, गाय राहू दे, आधी क्रेटवाल्याला बाहेर काढ, तो सगळे गवत खाऊन टाकेल!

रविवारी फोन लावून मी तो विनोद नातीला सांगितला. तिने तो ग्रीकमध्ये मोठ्याने आजीला सांगितला. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग लांबून, बहुधा चुलीपाशून, म्हातारीचे हसणे ऐकू आले, आणि ते बराच वेळ थांबेना.