शनिवारी बेत, रविवारी रंधा



कुणाला तिकिटे जमवायचा छंद असतो, कुणाला चित्रे काढायचा. मला आणि माझ्या तीन मित्रांना सुतारकामाचा छंद आहे. आम्ही चौघे चौथीत आहोत. आमच्यात कुणाकडेच सगळी हत्यारे नाहीत. एकाच्या मामांची जुनी करवत त्याला मिळाली आहे, म्हणून त्याला आम्ही करवत म्हणतो. दुसऱ्याला कुठलीही वस्तू तिरकी दिसली की चैन पडत नाही, तो गुण्या. गुण्या म्हणजे काटकोन बघायचे हत्यार. तिसरा खिळा. तो वाकडे खिळे गोळा करतो, दगडावर ठेवून हातोडीने सरळ करतो आणि डबीत भरून ठेवतो. तो स्वतःही खिळ्यासारखाच बारीक आहे. माझ्याकडे आजोबांचा रंधा आहे, म्हणून मी रंधा. मी मुलगी म्हणून करवत म्हणाला, "तुला रंधी म्हणू या." मी म्हटलं, "रंधा तो रंधाच."

माझे आजोबा पूर्वी सुतारकाम करायचे. बैलगाडीच्या चाकाला बाभूळ लागते, दाराला साग लागतो, हे सगळे त्यांना पाठ आहे. आता त्यांना नीट दिसत नाही. पण ते फळीवरून नुसता हात फिरवतात आणि सांगतात, "इथं उंच आहे, अजून दोन हात मार." आम्ही पट्टी लावून बघतो तर खरेच तिथे उंच असते.

शनिवारी शाळा लवकर सुटते. जेवून आम्ही आमच्या पडवीत जमतो. त्या दिवशी लाकडाला हात लावायचा नाही, फक्त बेत करायचा. खडूने जमिनीवर चित्र काढायचे. ज्याचा बेत असेल त्याने तीन गोष्टी सांगायच्या. वस्तू कुणाला हवी आहे, लाकूड कुठून आणणार आणि मापे काय. तिन्ही सांगता आल्या तर रविवारी काम. नाहीतर बेत पुढच्या शनिवारी. आणखी एक नियम आजोबांचा आहे. ते समोर बसल्याशिवाय धारेच्या हत्याराला हात लावायचा नाही.

आमची पहिली वस्तू म्हणजे चिमणीचे घर. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी खूप काम केले आहे. त्यांच्या संस्थेमुळे २०१० सालापासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळतात. चिमणीच्या घराचे भोक साधारण ३२ मिलिमीटरचे ठेवायचे असते. जास्त मोठे केले तर मोठे पक्षी आत शिरतात. आमचे घर आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचे होते. चिमणी आधी आलीच नाही. मग दोन महिन्यांनी एक जोडी काड्या घेऊन आली. त्या दिवशी आम्ही जेवायला सुद्धा उशिरा गेलो.

लाकूड आम्ही विकत आणत नाही. करवतचे मामा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात काम करतात. ते उरलेले तुकडे पिशवीत भरून आणतात. मामांनी सांगितले की १९४७ साली फाळणी झाली तेव्हा सिंधमधून आलेली माणसे तिथल्या लष्कराच्या छावणीत राहिली, म्हणून तिथल्या भागांना अजून कॅम्प एक, कॅम्प दोन असे म्हणतात. १९४९ साली त्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव दिले. ती नदी म्हणजे आपल्या बदलापूरजवळून वाहते तीच. राजमाचीच्या डोंगरातून ती येते, कर्जतवरून इकडे येते आणि पुढे कल्याणकडे जाते.

आता मी सांगणार आहे ती गोष्ट ह्याच नदीमुळे घडली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आमचे बेतावरून भांडण झाले. गुण्याचे आजोळ नागपूरकडे आहे. तिकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि लहान मुले चाके लावलेला लाकडी बैल दोरीने ओढत नेतात. त्याला तसा बैल करायचा होता. करवतला सावंतवाडीच्या चितारआळीत मिळतात तशी रंगीत लाकडी फळे करायची होती. मला आजीसाठी पाट करायचा होता. तिघांनी तीन चित्रे काढली आणि खडू संपला. खिळा काहीच बोलला नाही. मी विचारलं, "तुझा बेत काय?" तो म्हणाला, "आमच्याकडे एक उंच फळी पाहिजे. पण ती तुम्हाला गंमतीची वाटणार नाही."

"कुणाला पाहिजे?" गुण्याने नियमाप्रमाणे विचारले.

"आईला. पावसाच्या आधी."

मग आम्ही त्याच्या घरी गेलो. त्यांची खोली चाळीत आहे, नदीच्या बाजूला. भिंतीवर एक तपकिरी रेघ आहे. रंग दिला तरी ती पुन्हा दिसते. ती २७ जुलै २०१९ च्या पुराची रेघ आहे. त्याच दिवशी मुंबईहून कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. गाडीत सुमारे हजार माणसे होती. त्यांना होड्यांनी बाहेर काढले. हे पेपरात आणि टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले. पण खिळ्याच्या घरात काय झाले ते आम्हाला माहीत नव्हते. त्याची आई शिवणकाम करते. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. मावशी म्हणाल्या, "मशीन पाण्यात गेलं. गंजलं. रेशनकार्डाचा लगदा झाला. मोठीचा शाळेचा दाखला सुद्धा गेला. प्लायवुडचं कपाट होतं, ते फुगून त्याचे पापुद्रे सुटले. फक्त सागाचा पाट तेवढा तरंगला आणि वाळल्यावर पुन्हा होता तसा झाला."

गुण्याने टेप काढली. रेघ जमिनीपासून ४ फूट ३ इंच होती. खिळा रेघेला पाठ लावून उभा राहिला. रेघ त्याच्या डोक्याच्या वर दोन बोटे होती. आम्ही सगळे गप्प झालो. २०१९ साली तर आम्ही ह्याच्यापेक्षा किती लहान होतो. खिळ्याने विचारलं, "आई, मग तेव्हा मी कुठं होतो गं?" मावशी म्हणाल्या, "बाबांच्या खांद्यावर. आणि झोपलेला."

शेजारच्या आजीही आल्या. त्या म्हणाल्या की २६ जुलै २००५ चे पाणी ह्याच्याही वर होते. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आजींनी काठीने भिंतीवर जागा दाखवली. गुण्याने मोजली. ५ फूट ३ इंच. त्यावर आम्ही खडूने फुली मारली आणि ठरवले, फळी ६ फुटांवर.

परत येताना गुण्या म्हणाला, "बैल पोळ्याला लागतो. पोळा पावसात असतो. फळी पावसाच्या आधी लागते." मी पाटाचे चित्र पायाने पुसून टाकले. करवतने फळांचे पुसले. मृगाच्या आत काम संपवायचे ठरले.

आता काम कसे केले ते सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल. आमच्या जुन्या घराचे एक मोडके दार पडवीत उभे होते. ते सागाचे होते. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते, म्हणून ते पाण्यात लवकर कुजत नाही आणि वाळवीही त्याला सहसा लागत नाही. आजोबांनी दार दिले. ते त्यांनीच तरुणपणी केले होते. ते म्हणाले, "दार म्हणून उभं राहून कंटाळलं असेल. आता फळी म्हणून पडू दे."

त्यातून ३ फूट लांब आणि १ फूट रुंद फळी काढली. करवत म्हणतो की रेघेवर कापायचे नाही, रेघेच्या बाहेरच्या बाजूने कापायचे. कारण करवतीची पातही थोडे लाकूड खाते. रेघेवर कापले तर तुकडा तेवढा आखूड होतो. मग मी रंधा मारला. रंधा लाकडाच्या धारीच्या दिशेने मारला तर लांब कुरळी साल निघते. उलटा मारला तर लाकूड ओरबाडते. वरचा काळा रंग गेला आणि आतून मधासारखा रंग निघाला. सगळ्या पडवीत वास सुटला. आजोबा डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "अजून जिवंत आहे बघ."

फळीच्या खाली टेकू पाहिजेत. टेकू त्रिकोणी करायचे, कारण चौकोन ढकलला तर तिरका होतो, त्रिकोण होत नाही. हे तुम्ही काड्या बांधून करून बघा. आमच्याकडे खरा गुण्या नव्हता, तरी आमच्या गुण्याने काटकोन काढला. एक बाजू ९ इंच, दुसरी १२ इंच आणि तिरकी १५ इंच घेतली की मधला कोन बरोबर काटकोन होतो. ३, ४ आणि ५ ला कुठल्याही एकाच आकड्याने गुणले तरी चालते. आम्ही ३ ने गुणले. वर्गाच्या कोपऱ्यातही बघता येते. एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा. मधले अंतर ५ फूट आले तर कोपरा बरोबर आहे.

टेकू तीन केले. एकेका टेकूला तीन पट्ट्या, म्हणजे नऊ पट्ट्या. खिळ्याने डबीतले सगळ्यात चांगले खिळे काढले. ठोकायच्या आधी तो खिळ्याचे टोक हातोडीने थोडे बोथट करतो. टोकदार खिळा लाकूड चिरत जातो, बोथट केला की लाकूड फाटायची भीती कमी होते. ही युक्ती आजोबांची. सगळे मिळून चार रविवार लागले. मधल्या एका रविवारी करवतला ताप होता. त्या दिवशी त्याची करवत आली, तो आला नाही. आम्ही ती भिंतीला टेकवून ठेवली आणि नुसते पॉलिशपेपरने घासायचे काम केले.

भिंतीला भोके पाडायचे काम मामांनी केले. ते मोठ्यांचेच काम आहे. फळी बसली. आता ती मशीन पेलेल का? मावशींच्या मशीनचे डोके आम्ही वाण्याच्या काट्यावर नेऊन तोलले होते. ते ११ किलो भरले. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणून १५ लिटरचा हंडा भरून मामांनी फळीवर ठेवला. म्हणजे मशीनपेक्षा जास्त. फळी एकदा "कर्र" बोलली. मावशींनी तोंडावर पदर धरला. मामा म्हणाले, "लगेच विश्वास ठेवायचा नाही. संध्याकाळी बघू." आम्ही दिवसभर अंगणात बसलो. कुणी गोट्या सुद्धा खेळले नाही. संध्याकाळी गुण्याने टेप लावली. ६ फूट. एक सूतही खाली नाही.

मावशींनी हंडा उतरवून घेतला आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले नवे रेशनकार्ड, मोठ्या ताईचा नवा दाखला आणि दहावीचे गुणपत्रक तिथे ठेवले. मशीन रोज लागते, ते खालीच आहे. नदी चढते आहे असे कळले की दोघांनी उचलून वर ठेवायचे. मावशींचा हात पुरावा म्हणून एक फूट उंचीचे स्टूलही करायचे ठरले. ते आता अर्धे झाले आहे.

खिळा मला म्हणाला, "पाणी येऊच नये." मीही देवाला तेच सांगितले आहे. पण फळी असू दे.

पाचवीला आम्ही वेगवेगळ्या शाळांत जाणार आहोत. त्यामुळे शनिवारी ठरवले की सुटीत आधी स्टूल पुरे करायचे, मग गुण्याचा बैल, मग करवतची फळे, मग माझ्या आजीचा पाट. तेवढे रविवार तरी एकत्र जमावेच लागेल. कारण रंधा एकाकडे आणि करवत दुसऱ्याकडे.

आलेल्या पालकांना एक विनंती आहे. जुनी फळी, मोडकी खुर्ची, वाकडे खिळे फेकू नका. आम्हाला सांगा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. आणि तुमच्या घरात पुराची रेघ असेल तर ती किती उंच आहे तेही सांगा. गुण्या वहीत लिहून ठेवतो आहे.

(इयत्ता चौथी, मांजर्ली)