पिशोरच्या वाटेवर मोजलेली पावले

कन्नडहून पूर्वेकडे निघाले की मका, कापूस आणि अद्रकीच्या शेतांमधून रस्ता पिशोरला येतो. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, गावाजवळून वाहणारी अंजना नदी. मामूंच्या घरी मुक्काम असला की फजरनंतर त्यांच्याबरोबर नदीकडे फेरी मारणे ठरलेलेच. यंदा शाबान महिन्यात गेलो, तर मामूंच्या मनगटावर नवे घड्याळ. लेकाने पुण्याहून पाठवलेले. पावले, नाडी, झोप, कॅलरी सगळे सांगते आणि म्हणे रक्तातली साखरही. मामूंना मधुमेह आहे.

"सुई टोचायची कटकट गेली," मामू खुशीत म्हणाले, "आता रमजानचे रोजे बिनघोर."

त्या बिनघोरपणाचाच आम्हाला घोर लागला.

आधी पावले पाहिली. तस्बीहचा एक मणी म्हणजे दहा पावले, असे शंभर मणी मोजत नदीच्या वाटेने चाललो. हजार पावलांना घड्याळाने ९६८ दाखवली; वाईट नाही. परतताना मामूंनी चाऱ्याचा भारा डोक्यावर घेतला, दोन्ही हातांनी धरला, आणि तेवढ्याच वाटेला घड्याळाने जेमतेम ४०० मोजली. घड्याळ पाय पाहत नाही. मनगटाच्या हिसक्यावरून अंदाज बांधते. मामींनी ते घालून भाकऱ्या थापल्या तर चुलीपुढे बसल्या जागी त्यांची दीडशे पावले झाली! मामी म्हणाल्या, "मग मी तर रोज कन्नडला जाऊन येते." शेतात राबणाऱ्या माणसाचे कष्ट हे यंत्र कमी धरते, ही गोष्ट आम्हाला जरा लागलीच. आणि ते रोजच्या दहा हजार पावलांचे लक्ष्य? ते १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आले.

कॅलरीचा हिशोब त्याहून कच्चा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात घड्याळे तपासली. नाडी बहुतेकांची ठीक निघाली, पण कॅलरीत सर्वांत चांगले घड्याळही सरासरी २७ टक्के चुकत होते आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. मामू मात्र तो आकडा पाहून एक गुलाबजाम जास्त घेत होते.

आता साखर. घड्याळाच्या पाठीचा हिरवा दिवा त्वचेवर उजेड टाकतो आणि परत येणाऱ्या उजेडाच्या कमी-जास्त होण्यावरून रक्ताचे ठोके ओळखतो. ठोके कळतात, साखर त्यातून कळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले की, त्वचेला न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा. त्याची बारीक तार त्वचेखाली जाते.

दुपारी जेवणानंतर मामूंचा जुना ग्लुकोमीटर कपाटातून काढला. घड्याळात १०८, पट्टीवर १९१. मामूंना पटेना. मग आम्ही घड्याळ स्वयंपाकघरातल्या दुधी भोपळ्याला बांधले. थोड्या वेळाने भोपळ्याची नाडी ७४ आली, साखर १०४. घरात हसण्याचा कल्लोळ झाला. मामू मात्र हसले नाहीत.

रोज्यात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे मधुमेहाचे डॉक्टर सांगतात. घड्याळ १०५ दाखवत राहिले आणि आत साखर ६० वर आली, तर असरच्या सुमारास घाम, थरथर, भोवळ. अशा वेळी माणूस शेतात एकटा असला तर? मामूंची खरी अडचण निराळीच निघाली. सुई टोचली तर रोजा तुटेल, अशी भीती त्यांच्या मनात होती. तपासणीसाठी बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. तरी मामूंनी मगरिबनंतर मशिदीत इमामसाहेबांना विचारून घेतले. त्यांनीही तेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून पट्ट्यांची नवी डबी आणली. रमजानआधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारप्रमाणे लावून घ्यायचे ठरले. घड्याळ मामूंनी काढलेले नाही. सहरीच्या गजरासाठी ते हवेच म्हणतात.