तडतड नेमकी कोणाची? मिरजेची तबकडी आणि साताऱ्यातला संगणक

या धाग्यात मी एरवी कागदपत्रांविषयी लिहितो. आज एका आवाजाविषयी लिहितो आहे, कारण गेले तीन आठवडे त्याने माझी झोप उडवली होती, आणि त्याचा उगम शोधताना जे करावे लागले ते साधनचिकित्सेहून फारसे वेगळे नव्हते.

वडिलांचे एक वृद्ध स्नेही मिरजेत राहतात. त्यांच्या घरी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या लाखेच्या काही तबकड्या आहेत. त्यांतील एक संगणकावर उतरवून घेण्यासाठी मी साताऱ्याला आणली. काठाला केसाएवढी चीर गेलेली. देताना काका एवढेच म्हणाले, "ने बाबा, पण फार वाजवू नकोस. प्रत्येक वेळी थोडी झिजते ती." मी तीन वेळांचा शब्द दिला.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, कैरान्याचा. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर, मद्रासजवळच्या सिंगपेरुमल कोइल या लहानशा स्थानकावर त्यांचे देहावसान झाले, पण दफन झाले ते मिरजेला, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात. तेथील उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणे होते.

सातारा-सांगलीच्या वाचकांना ठाऊक असावा असा एक धागा येथे आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स या दोघांना बावीस श्रुतींचे गणित मांडायचे होते, आणि त्यासाठी प्रत्यक्ष गळा हवा होता तो खाँसाहेबांचा. देवलांचे पुस्तक १९१० साली निघाले, क्लेमंट्सचे १९१३ साली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हा विषय निघाला तेव्हा भातखंडे यांना तो हिशेब पटला नाही. कोण बरोबर होते हा वाद येथे सोडवायचा नाही. मुद्दा इतकाच, की ज्यांच्या स्वरांतील सूक्ष्म अंतरे मोजण्यासाठी एक न्यायाधीश आणि एक सरकारी अधिकारी वेळ घालवत होते, त्यांच्या ध्वनिमुद्रणावर मी सफाईचा झाडू फिरवणार होतो.

संगणक मी स्वतः जोडलेला आहे. सुटे भाग आणून, खोक्यात बसवून, तारा ओढून. तबकडी फिरवणारे यंत्र उसने आणले, ७८ फेऱ्यांच्या तबकडीला लागणारी रुंद टोकाची सुई मिळवली. (लाँगप्ले तबकडीची सुई येथे चालत नाही. ती चरीच्या तळाशी जाऊन बसते आणि नव्वद वर्षांची धूळ ऐकवते. आणखी एक सूचना: लाखेची तबकडी अल्कोहोलने पुसू नये. लाख त्यात विरघळते.) पहिले मुद्रण केले. स्वर आले, पण त्यांवर सतत तडतड. भाकरी तव्यावर टाकताना ओल उडावी तशी.

मनात पहिला विचार आला तो असा, की जुनी तबकडी आहे, तडतडणारच. त्या काळच्या तबकडीत लाखेबरोबर बारीक दळलेली दगडाची पूड असे. पोलादी सुई चरीत बसावी म्हणून ती सुईलाच घासून आकार देत असे, आणि त्या खडबडीतपणाचा आवाज गाण्यामागे कायम राहत असे. हे सारे मला वाचून माहीत होते, आणि त्या माहितीनेच मला फसवले. मी आवाज स्वच्छ करणारी प्रणाली चालवली. खाँसाहेब विहिरीच्या तळाशी बसून गात असल्यासारखे ऐकू येऊ लागले. मागचा तानपुरा नाहीसा झाला.

तानपुरा जाणे मला लागले, कारण तो मिरजेचा प्राण आहे. तेथील सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ही कारागिरी वाद्यांकडे वळली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तानपुऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग कानसेने असा घासतात की तार त्याला ओझरती स्पर्शत राहावी. वर तार आणि घोडी यांमध्ये सुताचा एक बारीकसा धागा सरकवतात. त्यातून उठणारी झणझण म्हणजे जवारी. संगणकाच्या दृष्टीने पाहिले तर तीही एक प्रकारची खरखरच. तिला तो ओळखत नाही, आणि मीही त्याला ओळख करून दिली नव्हती.

वाईला सापडलेल्या कागदांतून राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड छापला. त्याच्या प्रस्तावनेत बखरकारांच्या चुकांची झाडाझडती आहे. वाई माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. तो खंड माझ्या टेबलावर असताना मी चूक कोठून शिरली हे न पाहताच पाठ दुरुस्त करायला निघालो होतो.

म्हणून मुद्रणाचा आलेख पडद्यावर मोठा करून पाहिला. तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ०.७७ सेकंद. तबकडीवर ओरखडा असेल तर त्याचा ठोका दर फेरीला, त्याच अंतराने यायला हवा. तसे ठोके होते, ओळीत उभे राहिल्यासारखे. पण कानाला टोचणारे मोठे तडाखे त्या ओळीत नव्हतेच. ते कोठेही, कसेही पडले होते.

शंकेचा निकाल लावण्यासाठी दुसरी खेप खर्च केली. पुन्हा वाजवली आणि दोन्ही मुद्रणे एकाखाली एक ठेवली. भांडारकर संस्थेत सुखटणकरांनी महाभारताच्या पोथ्या ताडून पाहताना जो न्याय लावला त्याचेच हे बाळबोध रूप. दोन प्रतींत एकाच जागी तीच चूक असेल तर ती मूळ प्रतीतून आलेली. वेगवेगळ्या जागी असेल तर नकलकाराची. ओळीतले ठोके दोन्ही मुद्रणांत जागच्या जागी होते. मोठी तडतड प्रत्येक वेळी नव्या ठिकाणी. नकलकार मीच होतो, किंवा माझे यंत्र.

येथून पुढे तबकडीला हात लावला नाही. सुई वर उचलून नुसती शांतता मुद्रित केली. तडतड होतीच. कर्णफोन थेट छोट्या प्रवर्धकाला लावले तर मंद सळसळीपलीकडे काही नाही. म्हणजे दोष तार खोक्यात शिरल्यानंतरचा. मग संगणकानेच निर्माण केलेला एक साधा सूर त्याच संगणकावर वाजवला. तोही तडतडला. बाहेरून आत येणारी वाटच तेवढी बिघडलेली नव्हती तर.

मध्यंतरी दोन खोट्या वाटा झाल्या. समोरच्या ध्वनिजोडणीची तार ग्राफिक्स कार्डाला अगदी चिकटून गेली होती. माउस हलवला की बारीक किणकिण येई. तार बाजूने फिरवली, किणकिण गेली, तडतड राहिली. नंतर लक्षात आले की ज्या सॉकेटवर सारे चालते त्याला अर्थिंगच नाही. वायरमनला बोलावून ते करून घेतले. त्याने ५० हर्ट्झची घुमघुम गेली. तडतड राहिली. तीन निरनिराळे दोष एकाच वेळी नांदत होते आणि मी त्या सर्वांना एकच नाव दिले होते.

शेवटी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. तेच खोके, त्याच तारा, तोच सूर. आणि निखळ शांतता. यंत्र निर्दोष ठरले. मी नव्या साउंड कार्डाची किंमत पाहून ठेवली होती, हे कबूल करतो.

दोष विंडोजमधल्या वायफायच्या ड्रायव्हरचा निघाला. संगणकातला आवाज अखंड वाहत नसतो. सेकंदाला ४८,००० नमुने या हिशेबाने तो तुकड्यातुकड्यांनी एका लहान हौदात भरला जातो, त्यालाच बफर म्हणतात. माझा हौद २५६ नमुन्यांचा, म्हणजे जेमतेम ५.३ मिलिसेकंदांचा. वायफायचा ड्रायव्हर अधूनमधून प्रोसेसरला त्याहून अधिक वेळ अडवून धरी. तेवढ्यात ध्वनीचा पुरवठा चुकला की लाट मध्येच तुटे, आणि ती तूट कानाला तडाख्यासारखी ऐकू येई. लेटन्सीमॉन या प्रणालीने तोच ड्रायव्हर बोट दाखवून दाखवला. वायफाय बंद केला, हौद १०२४ नमुन्यांचा केला. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज त्याच क्षणी ऐकायचा असता तर एवढा विलंब खटकला असता. नुसते मुद्रण करणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही.

तिसरी खेप अमावास्येच्या आसपासच्या एका रात्री, पंखा बंद करून वाजवली. तानपुरा मागे होता, जवारीसकट. लाखेची सळसळ होती, ती ठेवली. तबकडी मूळच्या ध्वनिमुद्रणात नेमक्या किती गतीने फिरत होती याची शाश्वती नसल्यामुळे खाँसाहेबांची पट्टी या मुद्रणावरून कोणी सिद्ध करू नये, अशी टीपही सोबत जोडली. श्रुतींच्या वादात पुरावा म्हणून माझी फाइल उद्या कोणी पुढे केली तर ती टीप उपयोगी पडेल.

गेल्या रविवारी तबकडी परत करायला मिरजेला गेलो. काकांना मुद्रण ऐकवले. ओळीतला तो दर फेरीचा ठोका मी काढलेला नव्हता, एका वेगळ्या प्रतीत काढून पाहावा का, असे त्यांना विचारले. ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तो ओरखडा माझा आहे. सहा वर्षांचा असेन. दादांनी पाठीत धपाटा घातला होता." काढायचा की नाही, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. कपाटातून आणखी दोन तबकड्या काढून त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळून माझ्या हातात दिल्या आणि प्रत्येकीला पुन्हा तीनच खेपा, असे बजावले.