टोपीवरचा ठिपका

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी चांगला चालू वेबकॅम उघडला आणि त्याच्या पोटातली एक बारकी काच काढून फेकून दिली. आता त्या कॅमेऱ्यातून माणसाचा चेहरा धड दिसत नाही. मला तेच हवं होतं. सांगतो.

माझे मामा इंदापूर तालुक्यात असतात. आम्ही बारामतीचे. बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे करत गेलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि त्यातच मामांचं घर. पाच वर्षांपूर्वी मामा उसाच्या ट्रॉलीवरून पडले. हातपाय गेले. मान हलते, आणि डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त चालतं. पण पेपर वाचायचा तर मामी फोन समोर धरणार, आणि हे दर अर्ध्या मिनिटाला "पुढं घे", "थांब, मागं घे" म्हणणार. मामी कामात असली की पेपर बंद.

मी आयटीवाला भाचा. मागच्या दिवाळीत मोठ्या हौसेने फोनवर आवाजाने चालवायची सोय करून दिली. आजकाल मराठी बऱ्यापैकी कळतं त्याला. मामांनी चार दिवसांत बंद करायला लावलं. म्हणाले, "आरं, मी काय बघतोय ते समद्या घराला वरडून सांगायचं व्हय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण बाथरूममध्येही फोन नेतो आणि या माणसाला पाच वर्षांत एक ओळ एकट्याने वाचता आलेली नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

साध्या कॅमेऱ्यातून चेहरा ओळखून माउस हलवणारे प्रोग्राम आहेत. बॉस्टन कॉलेजमधला 'कॅमेरा माउस' तर बराच जुना. पण मामांना द्यायचा माझा लॅपटॉप म्हातारा. चेहरा शोधता शोधता त्याचा पंखा विमानासारखा ओरडायला लागतो. शिवाय संध्याकाळी लाईट गेली की कॅमेऱ्याला चेहराच दिसत नाही, म्हणजे सगळं ठप्प.

विमानावरून आठवलं. फ्लाइट सिम्युलेटर खेळणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. मान वळवली की कॉकपिटमधलं दृश्य वळलं पाहिजे, म्हणून ते टोपीवर इन्फ्रारेड एलईडी लावतात आणि कॅमेऱ्याला फक्त तेच ठिपके दिसतील अशी व्यवस्था करतात. 'ट्रॅकआयआर' हे विकत मिळणारं यंत्र, 'फ्रीट्रॅक' हा त्याला फुकटातला पर्याय. २००७ साली जॉनी ली या पोराने (तेव्हा पोरच होता) निन्टेन्डोच्या वी रिमोटमधला कॅमेरा वापरून हेच करून दाखवलं आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. चेहरा ओळखायला अक्कल लागते, काळ्या चित्रातला पांढरा ठिपका कुठलाही लॅपटॉप शोधतो.

आता थोडं शास्त्र. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला! तो न दिसणारा उजेड म्हणजे इन्फ्रारेड. आपले डोळे साधारण ७०० नॅनोमीटरला हात टेकतात, पण कॅमेऱ्यातलं सिलिकॉन १००० पर्यंत बघू शकतं. मग फोटो बिघडू नयेत, आपल्याला दिसतात तसेच रंग यावेत म्हणून लेन्समागे एक फिल्टर बसवतात. मी काढली ती काच हीच. (टीव्हीचा रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका दिसतो, कारण तिथला फिल्टर जरा कच्चा असतो.)

काच काढली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं उलटं : इन्फ्रारेड येऊ द्यायचं आणि दिसणारा उजेड अडवायचा. त्यासाठी धुतलेल्या रंगीत निगेटिव्हचं काळं टोक दोन पदर करून लेन्सपुढे लावतात. ब्लॅक अँड व्हाइट चालत नाही, त्यातली चांदी इन्फ्रारेडही अडवते. बारामतीत एका जुन्या फोटो स्टुडिओत मागायला गेलो, तर मालकांनी डबाभर तुकडे काढून दिले. "लोक पूर्वी ग्रहण बघायला न्यायचे, तू काय बघणारेस?" (ग्रहण अशा निगेटिव्हमधून बघू नका बरं का. इन्फ्रारेड आरपार जातं हे आत्ताच सांगितलं.)

एलईडी पुण्यात तपकीर गल्लीत मिळाले. आधी तो लॅपटॉपच्या यूएसबीवर लावला. टोपीवरून वायर बघून मामा म्हणाले, "दावणीला बांधतोस का काय?" म्हणून दोन पेन्सिल सेल. तीन व्होल्ट, त्यातले साधारण १.३ एलईडीने खाल्ले, उरले १.७. वीस मिलिअँपिअरला ८५ ओहम, जवळचा मिळतो ८२. एलईडीचं टोक कानशीने घासून सपाट केलं, म्हणजे उजेड सगळीकडे पसरतो आणि मान वळली तरी ठिपका हरवत नाही. सिम्युलेटरवाले तीन एलईडी लावतात, त्यावरून डोक्याच्या सहाही हालचाली काढता येतात. माउसला एक पुरतो. पायथनमध्ये ऐंशी-नव्वद ओळी : सर्वांत उजळ ठिपका शोधा, त्याचा मध्य काढा, बाण तिकडे न्या. बाण दीड सेकंद एका जागी थांबला की क्लिक.

पुण्यात फ्लॅटवर रात्री काय झकास चाललं! दिवा बंद केला तरी चालू.

रविवारी दुपारी मामांच्या ओसरीवर मांडामांड केली. टेबल भिंतीला, कारण प्लग तिथे. मामांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून. प्रोग्राम सुरू केला आणि बाण वेड लागल्यासारखा उड्या मारायला लागला. कॅमेऱ्याचं चित्र उघडून बघितलं तर सगळं पांढरं! उन्हात इन्फ्रारेड ओतून वाहत असतं हे हर्शेलने सव्वादोनशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं, पण इंजिनिअरला ते रात्री कसं आठवणार?

मामा स्क्रीनकडे बघत होते. त्यांच्या खांद्यामागे रस्त्यापलीकडचा ऊस दिसत होता, पांढराशुभ्र.

"उसाला तुरा आला का रं?" आवाजात काळजी.

तुरा नव्हता. हिरवी पानं इन्फ्रारेड जोरात परत फेकतात, म्हणून अशा कॅमेऱ्यात झाडं बर्फ पडल्यासारखी दिसतात. पान आजारी पडलं की हे फेकणं कमी होतं, आणि उपग्रहातून पिकाची तब्येत बघतात ती याच्याच जोरावर. हे सांगितल्यावर मामांनी पंधरा मिनिटं कॅमेरा बांधाबांधाने फिरवायला लावला. एका कोपऱ्यातला ऊस जरा मळकट दिसला. "तिथं पाणीच पोचत न्हाय," मामा म्हणाले. त्यांना ते आधीच माहीत होतं.

मग मी टोपीमागे लागलो. पांढरी गांधी टोपी, तीही चकाकत होती. एलईडीभोवती काळं कापड शिवलं, तर तेही कॅमेऱ्यात पांढरं! डोळ्याला काळा दिसणारा रंग इन्फ्रारेडला काळा असेलच असं नाही. "टोपी काढूया का?" म्हटलं. मामांनी नुसतं बघितलं. आत अंधाऱ्या खोलीत बसूया म्हटलं, तर म्हणाले, "खोलीतच पडून हाय की पाच वरसं." मग थोड्या वेळाने : "मला येवढं सांग, मी भितीकडं तोंड करून का बसू? मला रस्ता बघायचाय."

खुर्ची फिरवली. टेबल पुढे घेतलं, प्लगसाठी एक्स्टेंशन लावली. आता कॅमेऱ्याचं तोंड घराकडे आणि मामांच्या मागे सावलीतली शेणामातीची भिंत. एक्स्पोजर अगदी खाली आणलं. टोपी अंधुक राखाडी, आणि तिच्यावर एकच ठिपका. बाण गप्प उभा. स्क्रीनवर आभाळ चमकत होतं तेही गेलं. मी दोन तास ज्याच्याशी झटापट करत होतो ते सगळं मामांना बसायचं होतं तसं बसवल्यावर सुटलं. ते मला आल्या आल्याच विचारता आलं असतं.

अजून भानगडी आहेत. सकाळी दहापर्यंत ओसरीवर थेट ऊन येतं, तेव्हा चालत नाही. वाचता वाचता एका जागी थांबलं की नको तिथे क्लिक होतं. मराठी टायपिंगला अक्षरं मोठी करायला हवीत. पुढचे दोन-तीन शनिवार त्यातच जाणार.

निघताना मामा वाचत बसले होते. मी मागून जरा वाकून बघायला गेलो, तर त्यांनी मान किंचित उजवीकडे नेली आणि दीड सेकंद थांबले. खिडकी बंद झाली.

"काय वाचत होता?"

"तुला काय करायचंय?" मामा म्हणाले. "गाडी सावकाश चालव."